धाकट्या बेटांस धाडलेली मदत

सन २०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर एका सभासद बंधूंच्या औषधोपचारानिमित्त आम्हांस मुंबईंत परळच्या भोईवाड्यांत आठ-दहा दिवस मुक्काम करावा लागला. देशावरून व कोंकणांतून रुग्ण घेऊन मुंबईस जाणाऱ्या पुष्कळ कुटुंबांस हा भाग परिचयाचा आहे. टाटा स्मारक, के. ई. एम. व वाडिया हीं रुग्णालयें तेथून अगदीं जवळ. आमच्याच बिऱ्हाडीं प्रवरेकांठचे एक ऊंस-बागाईतदार उतरले होते. एके सकाळीं वर्तमानपत्र वाचतां वाचतां ते थबकले आणि कांहींशा त्राग्यानें त्यांनीं एक बातमी आम्हांस वाचून दाखविली. फिजी देशाचे पंतप्रधान सितिवेनी राबुका दिल्लीस आले असून भारत सरकार त्या देशास शेतीच्या कामासाठीं बारा ड्रोन व माती तपासणाऱ्या दोन फिरत्या प्रयोगशाळा देणार आहे, तसेंच तेथील साखर महामंडळाकडे आपला एक तज्ज्ञ धाडणार आहे, अशी ती बातमी होती.

"माझ्या मातीचा नमुना देऊन चार महिने झाले, अद्याप उत्तर नाहीं; आणि प्रयोगशाळा निघाल्या फिजीला! हा दिव्याखालचा अंधार नव्हे काय?" असें ते म्हणाले.

त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर त्या वेळीं आम्हांस नीट देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा हा प्रयत्न आहे. दूरच्या लहान राष्ट्रांस मदत करावी कीं नाहीं, केल्यास ती कोणत्या प्रकारची असावी, आणि तिच्यापासून आपल्या शेतकरीवर्गानें काय शिकावें, हे तीन मुद्दे आम्हीं क्रमानें घेतले आहेत.

हीं राष्ट्रें कोणतीं?

प्रशांत महासागरांत विखुरलेल्या ज्या चौदा राष्ट्रांशीं भारत सरकारनें एकत्रित व्यवहार आरंभिला आहे, त्यांत फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन, वानुआतु, सामोआ, टोंगा, किरिबाती, तुवालु, नाउरू, पलाउ, मार्शल, मायक्रोनेशिया, कुक व नियुए यांचा समावेश होतो. पापुआ न्यू गिनीची वस्ती एक कोटीच्या घरांत आहे, फिजीची सुमारें नऊ लाख. परंतु तुवालु हें राष्ट्र अवघें २६ चौरस किलोमीटरांचें, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. आणि त्याची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या बाजारगांवाएवढी. मुंबईपासून फिजीचें अंतर सुमारें बारा हजार किलोमीटर भरतें.

बेटांच्या लहानपणास हंसण्याचें मात्र आपणांस कारण नाहीं. ज्या परळांत बसून आम्ही ही बातमी ऐकली, तें परळ मूळचें सात बेटांपैकीं एक बेट होतें. खाड्या भरून व बांध घालून तीं सात बेटें जोडलीं गेलीं, तेव्हां आजची मुंबई उभी राहिली. तिला भरीस घालण्यास माती व खडक शेजारीं होते आणि पोसण्यास पाठीशीं सारा मुलूख होता. प्रशांत महासागरांतील बेटांस असा मुलूख नाहीं, हाच काय तो भेद.

मदत कोण देतो आणि कां?

या बेटांस सर्वांत अधिक पैसा ऑस्ट्रेलिया देतो. न्यूझीलंड, जपान, अमेरिका, चीन व युरोपीय संघ हेही देणारे आहेत. तैवानचीं शेतकी पथकें मार्शल, पलाउ व तुवालु येथें भाजीपाल्याची लागवड शिकवितात. देणाऱ्यांचा हेतु केवळ धर्मार्थ असतो असें समजणें भोळेपणाचें होईल. संयुक्त राष्ट्रसंघांत तुवालुचें मत एक आणि भारताचेंही एकच. शिवाय प्रत्येक बेटाभोंवतालचा शेंकडों मैलांचा समुद्र त्याच्या हक्काचा असतो. चीन व तैवान यांच्या चढाओढींत सॉलोमन व किरिबाती यांनीं २०१९ सालीं, आणि नाउरूनें २०२४ च्या जानेवारींत, तैवानशीं असलेले संबंध सोडून चीनशीं जोडले. म्हणजे देणाराही गरजवंतच आहे.

भारताची मदत त्या मानानें थोडी आहे. १९ नोव्हेंबर २०१४ रोजीं फिजीची राजधानी सुवा येथें या चौदा राष्ट्रांची व भारताची पहिली बैठक भरली, आणि प्रत्येक राष्ट्रास मिळणारें वार्षिक अनुदान सव्वा लाख डॉलरांवरून दोन लाख करण्याचें ठरलें. दुसरी बैठक २०१५ सालीं जयपुरास झाली, तिसरी मे २०२३ मध्यें पापुआ न्यू गिनींतील पोर्ट मोर्सबी येथें. मधल्या काळांत, २०१९ सालीं, एक कोटी वीस लाख डॉलरांचें अनुदान व पंधरा कोटी डॉलरांपर्यंत सवलतीचें कर्ज देऊं केलें गेलें. आमच्या प्रवरेकांठच्या स्नेह्यांनीं हा हिशेब मांडून पाहावा. चौदाही राष्ट्रांचें वार्षिक अनुदान मिळून अठ्ठावीस लाख डॉलर होतें. एखाद्या नव्या साखर कारखान्याच्या खर्चापुढें ही रक्कम किरकोळ आहे. त्यांच्या मातीचा अहवाल अडला तो फिजीमुळें नव्हे. त्याचीं कारणें घरांतच शोधलीं पाहिजेत.

घेतलेलें विसरूं नये

ऊंस-बागाईतदारानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जाड कांड्याच्या रसाळ ऊंसाचें मूळ घर न्यू गिनी होय असें शास्त्रज्ञ मानतात. ताहिती बेटांतला ऊंस अठराव्या शतकांत मॉरिशसला गेला, आणि तेथून १८२७ च्या सुमारास स्लीमन नांवाच्या अधिकाऱ्यानें तो जबलपुराकडे आणविला. कोंकणांतील परसांत उभा असणारा नीरफणसही मूळचा त्याच महासागरांतला. ज्या बेटांच्या बियाण्यावर आपले मळे उभे राहिले, त्यांस आज चार पोतीं बियाणें गेलें तर तें दान न म्हणतां परतफेड म्हणावें हें बरें.

नाउरूची कथा तर खत विकत घेणाऱ्या प्रत्येकानें ऐकावी अशी आहे. एकवीस चौरस किलोमीटरांच्या त्या बेटाच्या पोटांत उत्तम प्रतीचा फॉस्फेट होता. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तिघांच्या मंडळानें तो खणून नेला, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील कुरणें व गव्हाचीं शेतें त्यावर पोसलीं. बेटाचा मधला बहुतेक भाग नुसत्या सुळक्यांचा उजाड माळ होऊन राहिला. नाउरूनें आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दावा लावला, तेव्हां १९९३ सालीं ऑस्ट्रेलियानें तडजोड करून भरपाई कबूल केली. ज्यास आज मदत म्हणतात, त्यांतील कांहीं भाग असा जुन्या देण्याचा असतो.

उपकार कीं उपद्रव?

मदत देणाऱ्याची नियत चांगली असली म्हणजे काम भागलें, असें नाहीं. फिजींतील ऊंसमळ्यांत उंदरांचा सुळसुळाट झाला म्हणून १८८३ सालीं हिंदुस्थानांतून मुंगूस नेऊन सोडलें. उंदीर रात्रीं हिंडणारा, मुंगूस दिवसां. उंदीर राहिले ते राहिलेच, आणि जमिनीवर घरटीं करणारे पक्षी मात्र मुंगुसानें फस्त केले. कोंबड्यांस उपद्रव झाला तो वेगळाच. आज मुंगूस काढूं म्हटलें तरी निघत नाहीं.

दुसरें उदाहरण नारळाचें. आपल्याकडील बागाईतदारांच्या परिचयाचा गेंड्या भुंगा १९०९ च्या सुमारास सिलोनहून रबराच्या रोपांबरोबर सामोआस पोहोंचला. रोपें धाडणाऱ्याचा हेतु लागवड वाढविण्याचा होता. कुंड्यांच्या मातींत काय दडलें आहे हें कोणीं पाहिलें नाहीं. पन्नास वर्षें त्या किड्यानें बेटामागून बेट गांठलें. पुढें संयुक्त राष्ट्रें व साउथ पॅसिफिक कमिशन यांच्या साहाय्यानें त्यावर शोध चालला. ह्यूगर या शास्त्रज्ञास १९६३ सालीं मलायांत त्या भुंग्यास होणारा एक विषाणुजन्य रोग सांपडला, आणि १९६७ सालीं तो सामोआंतील भुंग्यांत सोडण्यांत आला. भुंगे एकमेकांस आपणच रोग लावीत गेले व नारळींची नुकसानी पुष्कळ घटली. बागाईतदारास दरसाल विकत घ्यावें लागेल असें त्यांत कांहीं नव्हतें, हें विशेष. तोच उपाय पुढें लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेटावर आपल्या शास्त्रज्ञांनीं केला. अलीकडे, २००७ पासून, या रोगास दाद न देणारा भुंग्याचा एक प्रकार गुआम बेटापासून पसरूं लागला आहे, म्हणून काम संपलें असें नव्हे. कुजके ओंडके व उघडे उकिरडे बागेंत राहूं न देणें, हा जुना उपाय तेथें व येथें सारखाच खरा आहे.

फिजीचा ऊंस

आतां मूळ बातमीकडे वळूं. १४ मे १८७९ रोजीं लिओनिडास नांवाचें जहाज पहिले हिंदी मजूर घेऊन फिजीस लागलें. १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसें करारावर तिकडे गेलीं. त्या 'ॲग्रिमेंट' शब्दाचा त्यांनीं 'गिरमिट' केला. बहुतेक लोक संयुक्त प्रांत, बिहार व मद्रास इलाख्यांतले. ऑस्ट्रेलियन कंपनीच्या मळ्यांत त्यांनीं हाल सोसले, आणि करार संपल्यावर खंडानें जमीन घेऊन तेच ऊंस पिकवूं लागले.

फिजी १९७० सालीं स्वतंत्र झाला. त्याच सुमारास लॉर्ड डेनिंग यांनीं लवाद म्हणून असा निवाडा दिला कीं, साखरेच्या उत्पन्नापैकीं ६५ टक्के शेतकऱ्यास व ३५ टक्के कारखानदारास मिळावे. कंपनीस हें परवडेना. १९७३ सालीं ती निघून गेली आणि कारखाने सरकारी महामंडळाकडे आले. आपल्याकडे १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें उत्पादकांच्याच मालकीचा सहकारी कारखाना सुरू झाला होता. फिजींतील शेतकऱ्यास ती वाट मिळाली नाहीं. त्याचा धनी बदलला. कारखाना त्याचा झाला नाहीं.

२००६ च्या सुमारास तेथील जुन्या गिरण्यांच्या नूतनीकरणासाठीं, मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या आपल्या एक्झिम बँकेनें पांच कोटी डॉलरांहून किंचित् अधिक रकमेचें कर्ज दिलें. यंत्रसामुग्री भारतांतून गेली. परंतु बसविण्यास विलंब झाला, गिरण्या मधूनच बंद पडत राहिल्या, आणि तोडलेला ऊंस मोटारींतच वाळूं लागला. १९९४ सालीं पांच लाख टनांहून अधिक साखर काढणाऱ्या देशांत २०१० सालीं जेमतेम १ लाख ३२ हजार टन निघाली.

याचा सारा दोष यंत्रांवर टाकणें अन्यायाचें होईल. फिजीची चार-पंचमांशाहून अधिक जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांच्या सामाईक मालकीची आहे. १९७६ च्या कायद्यान्वयें चालणारे खंडपट्टे १९९७ पासून संपूं लागले, आणि हजारों कुटुंबांनीं मळे सोडले. युरोपनें चढ्या दरानें साखर घेण्याची जुनी सवलत आंखडती घेतली व २००६ पासून टप्प्याटप्प्यानें दर ३६ टक्क्यांनीं उतरविला. त्याची भरपाई म्हणून कबूल केलेला पैसा त्याच वर्षाच्या डिसेंबरांतील लष्करी उठावानंतर रोखून धरला. पुढें २०१६ च्या फेब्रुवारींत विन्स्टन नांवाच्या चक्रीवादळानें राकिराकीच्या गिरणीची अशी वाताहत केली कीं ती कायमची बंद झाली.

तरीही एक गोष्ट उरतेच. पट्टा संपत आलेला शेतकरी नवा बेणेमळा लावीत नाहीं, आणि ऊंस कमी झाला म्हणजे उत्तम गिरणीही तोट्यांत जाते. कर्ज देणाऱ्यानें गिरणी पाहिली, बांध पाहिला नाहीं. कर्जाची फेड मात्र त्याच लहान देशाच्या तिजोरींतून व्हावयाची. कर्ज काढून विहिरीवर एंजिन बसवावें आणि विहिरीस पाणी आहे कीं नाहीं हें मागाहून पाहावें, अशांतला हा प्रकार. असे अनुभव आपल्या गांवोगांवींही आहेत.

खारें पाणी

किरिबाती व तुवालु येथील दुःख याहून निराळें आहे. पोंवळ्याच्या त्या सखल बेटांवर नदी नाहीं. वाळूखालीं पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, त्यापर्यंत खड्डे खणून लोक अळवाच्या जातीचा एक मोठा कंद पिकवितात. समुद्र चढूं लागला तसें उधाणाचें पाणी या खड्ड्यांत शिरतें व कंद कुजतो. कोंकणांत खारबांध फुटून भाताचें खाजण नासलेलें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें समजावून सांगावयास नको. आपल्या खाजणावर पुढील पावसाळ्यांत गोडें पाणी फिरतें व दोन-तीन वर्षांनीं जमीन सुधारते. त्यांच्या बेटावर मागें सरकावयास दुसरी जमीनच नाहीं. २०२३ सालीं ऑस्ट्रेलियानें तुवालुशीं तह केला व तो पुढील वर्षीं अमलांत आला. त्यान्वयें दरसाल २८० तुवालुवासीयांस ऑस्ट्रेलियांत राहावयास जातां येतें. गांव सोडण्याची परवानगी ही मदत खरी. पण ती शेवटची.

भोईवाड्याच्या शेजारचा धडा

आतां ज्या ठिकाणीं प्रश्न निघाला तेथेंच त्याचें उत्तर पाहूं. परळांतील जुन्या गव्हर्नराच्या वाड्यांत हाफकिन संस्था आहे. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसांत जन्मलेले परदेशी गृहस्थ. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां त्यांनीं येथेंच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळास आली. ते गेले, प्रयोगशाळा राहिली. १९३२ सालीं साहिब सिंग सोखी हे तिचे पहिले हिंदी संचालक झाले. बाहेरून लसीच्या नुसत्या बाटल्या आल्या असत्या तर त्या सांथीबरोबर संपल्या असत्या. येथें लस करण्याची विद्या राहिली, म्हणून २०२१ सालीं पुण्यांत बनलेली लस फिजी व नाउरूपर्यंत जाऊं शकली.

दुसरा धडा सोलापूर-जालन्याचा. १९६० नंतरच्या दुष्काळांत परदेशी संस्थांनीं विंधणविहिरी खणून दिल्या. त्यांवर बसविलेले बिडाचे पंप विलायतेंतील एका कुटुंबाच्या वापराच्या बेताचे होते. आपल्याकडे सारें गांव दिवसभर त्यावर पाणी भरी. साहजिकच बहुतेक पंप मोडून पडले. तेव्हां जालना व सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत पोलादाचा दणकट पंप घडविला गेला. त्या सोलापुरी पंपावरून, युनिसेफच्या साहाय्यानें, १९७० नंतरच्या दशकांत 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप सिद्ध झाला व तो आफ्रिकेपर्यंत गेला. परदेशचा पैसा दोन्ही वेळीं आला होता. पंप टिकला तो गांवचा वापर पाहून येथें घडविला तेव्हां.

तर मदत कशी असावी?

यावरून आम्हांस ज्या कसोट्या सुचल्या त्या अशा. पहिली, मागणी घेणाऱ्याची असावी. दुसरी, वस्तु बिघडल्यास ती तेथल्या तेथें दुरुस्त करणारा माणूस आधीं तयार करावा. पोर्ट मोर्सबीच्या बैठकींत भारतानें डायलिसिसचीं यंत्रें व खारें पाणी गोडें करण्याचीं यंत्रें देऊं केलीं आहेत. यंत्राबरोबर कारागीर शिकविला नाहीं, तर खाऱ्या वाऱ्यांत तीं दोन पावसाळेही काढणार नाहींत. राजस्थानांत तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजांत या बेटांतील खेडवळ, वयस्क स्त्रियांस सौरदिवे जोडण्यास व दुरुस्त करण्यास शिकवून परत धाडलें गेलें. ही रीत आम्हांस अधिक पसंत आहे. तिसरी, कर्ज असल्यास फेड कोणत्या उत्पन्नांतून होणार हें आधीं सांगावें. चौथी, बियाणें व रोपें तपासल्यावांचून नेऊं वा आणूं नयेत. ऊंसाचा 'फिजी रोग' त्याच देशाच्या नांवानें ओळखला जातो. तो बेण्यांतून जातो व तुडतुड्यांमार्फत पसरतो. कोणी हौसेनें तिकडील कांडें पिशवींत घालून आणूं म्हणेल तर त्यास अवश्य अडवावें.

या कसोट्यांस उतरणारी एक लहानशी गोष्ट जुलै २०२५ मध्यें घडली. भारतानें फिजीस चवळीचें पांच टन बियाणें धाडलें. चवळीचें बीं शेतकऱ्यास घरींच धरतां येतें, ती जमिनीस नत्र देते, आणि ऊंसाच्या मधल्या पट्ट्यांतही येते. बारा ड्रोनांपेक्षां या बियाण्याचा उपयोग अधिक दिवस टिकेल असा आमचा समज आहे. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळांचें मोल त्या चालविणारा फिजीचा तरुण तयार होतो कीं नाहीं यावर ठरेल. साखर महामंडळाकडे जाणाऱ्या तज्ज्ञानें गिरणीच्या आधीं खंडकऱ्याच्या घरीं जावें, आणि सहकारी कारखान्यांत काय साधलें व काय बिघडलें हें दोन्ही त्यास मोकळेपणानें सांगावें.

मुक्कामाच्या अखेरच्या दिवशीं आम्हीं आमच्या स्नेह्यांस यांतील कांहीं गोष्टी सांगितल्या. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मग माझा मातीचा अहवाल?" त्यांचें बरोबर होतें. फिजीस प्रयोगशाळा गेली म्हणून तक्रार करण्याचें कारण नाहीं. पण आपल्या तालुक्याची प्रयोगशाळा वेळेवर चालावी यासाठीं तक्रार करण्याचें कारण पुरेपूर आहे, आणि ती एकट्यानें न करतां संघामार्फत करावी. अनुदान, यंत्र वा कर्ज घेऊन उद्यां कोणी आपल्या गांवीं आला, तर वरील चार प्रश्न त्यासही विचारावे.

भोई म्हणजे पालखी खांद्यावर वाहणारा. आजाऱ्यास पालखींतून नेणें हें पुण्यकर्म होय. पण तो बरा झाल्यावर त्यास खालीं उतरून चालूं दिलें पाहिजे. मदत देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवलें, तर बारा हजार किलोमीटरांवरचा ऊंसकरी आणि प्रवरेकांठचा ऊंसकरी यांच्यामध्यें दाता व याचक हें नातें न राहतां शेजारधर्माचें राहील.